दुसरं पाणी

तापिओकाच्या पोळीवर लोणी फासता फासता, मान वर न करता, तायनारा म्हणाली, "आई, आजचं भांडण कधी आहे? म्हणजे मी त्याआधी अंघोळ उरकून घेते."

जुरेमाच्या हातात कॉफी गाळायचं फडकं होतं. ते भांड्यावर धरायचं सोडून तिने नुसतंच धरून ठेवलं आणि ओट्यावरून काळा ओघळ गेला. "कसलं भांडण?" तिने विचारलं. "जायच्या दिवसाचं," तायनारा म्हणाली आणि घास घेतला. नळाला पाणी कधी येणार, असं विचारावं इतक्या साधेपणाने म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं आणि जुरेमाकडे उत्तरांचा तुटवडा कधीच नव्हता. पण हे बोलणं दाराच्या जुन्या कडीबद्दल बोलावं तसं होतं. ही अडकते, माहीत आहे, जरा जोर लावायचा. जुरेमाने ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. ही पोर दुपारच्या बोटीने सांतारेंला, नवऱ्याकडे, एदिवालकडे निघाली होती, पोटात सहावा महिना, आणि सकाळपासून जुरेमा मनाशी घोकत होती की आज शब्दाला शब्द लावायचा नाही. ते ठरवल्याचं श्रेय आता गेलं. आता ती गप्प राहिली असती तरी पोरीला वाटलं असतं, मी म्हटलं म्हणून गप्प आहे. आणि भांडली असती तर पोर म्हणाली असती, आलं बघ वेळेवर.

श्रेय गेलं याचं तिला फार लागलं. माणसांच्या बाबतीत जुरेमाचा हिशेब पक्का असे. मनौसच्या एदुकांदुस वस्तीत, चढावरच्या त्या गल्लीत कोण कोणाकडे साखर मागायला जातं आणि परत करताना वाटी किती उणी भरतं, कोणाच्या मयताला कोण उशिरा आलं, जावई फोनवर 'सासूबाई कशा आहेत' हे पहिल्या वाक्यात विचारतो की शेवटच्या, हे सगळं तिच्या डोक्यात नोंदलेलं होतं. महिनाभर पोर माहेरी राहिली, त्या महिन्याचीही नोंद होती. दोन्ही वेळा हाताने रांधलेलं, पाय चेपलेले, पंखा तिच्याकडे वळवलेला. आणि समोरच्या बाजूला एक गोष्ट यायची राहिली होती, ती म्हणजे एक शब्द: ये. बाळंतपणाला ये. एवढंच म्हणायचं होतं पोरीने. महिनाभरात ती तुकुमांच्या फळांबद्दल बोलली, नवऱ्याच्या बंदरातल्या नोकरीबद्दल बोलली, सांतारेंच्या घराच्या पत्र्याबद्दल बोलली. बाळंतपणाचा विषय निघाला की म्हणायची, "मार्लुसीबाई आहेत ना शेजारच्याच गल्लीत. त्या म्हणाल्यात, काळजी करू नकोस." मार्लुसीबाई म्हणजे तिची सासू. लग्नात जुरेमाने त्या बाईला एकदाच नीट पाहिलं होतं. हसताना ती स्वतःच्याच बांगड्यांकडे बघते हे तिने तेव्हाच ध्यानात ठेवलं होतं. आणि बोलावल्याशिवाय जाणं जुरेमाला जमणारं नव्हतं. बोलावणं मागून घेणं तर त्याहून नव्हतं.

"कॉफी गार होतेय," ती म्हणाली.

"घेतेय."

"मी कुठे काय म्हटलं. गार होतेय एवढंच म्हटलं."

तायनारा हसली, खालच्या मानेने. जुरेमाने तेही नोंदलं.

बैठकीच्या खोलीत खिडकीखाली काचेची टाकी होती. कोणाला दाखवायची म्हणून ती नव्हती. परदेशी शोभेचे मासे पाठवणाऱ्या वखारीतून निवृत्त होताना हात एकदम कोरडे पडतील या भीतीने तिने ती घेतली होती. त्यात कोरिदोरा मासे होते, बोटाएवढे, तळाशी राहणारे, अंगावर खवल्यांऐवजी चिलखताच्या पट्ट्यांच्या दोन रांगा, डोळ्यांवरून गेलेली काळी पट्टी, तोंडाशी आखूड मिशा. घोळक्याने वाळू हुंगत फिरायचे, मध्येच एखादा बाणासारखा वर जाऊन पाण्याबाहेरची हवा गिळून यायचा आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा घोळक्यात शिरायचा. डोळाही मारायचे. खरंच मारायचे, बुबुळ खाली फिरून परत वर यायचं. गल्लीतल्या बायका यायच्या तेव्हा म्हणायच्या, "हे बरे, घाण खातात, वेगळं काही घालायला नको." जुरेमा म्हणायची, "घाण कोणीच खात नाही बाई, समोर दुसरं काही ठेवलं नाही तर हुंगतात बिचारे." वरच्या माशांनी सांडलेल्यावर ह्यांचं भागतं असं धरून लोक ह्यांना उपाशी मारतात, हे तिने वखारीत असतानाच ऐकलं होतं. ती रोज दिवा मालवल्यावर तळाशी बुडणाऱ्या गोळ्या टाकायची. त्यातले काही तायनाराबरोबर जायचे होते. ही कल्पना जुरेमाचीच. "घराला काहीतरी हलतं हवं," ती म्हणाली होती, "आणि एकटादुकटा न्यायचा नाही, घोळक्याशिवाय हे जगत नाहीत, कोपऱ्यात बसून राहतात." खरं कारण निराळं होतं. मासे गेले की प्रश्न येतात, आणि प्रश्न आले की फोन येतो. तिने वाळूबद्दल सांगितलं, टोकेरी खडे घालू नकोस, मिशा झिजतात, मिशा झिजल्या की ह्यांना खाणं सापडत नाही. पाणी बदलताना नवं पाणी किंचित गार असू दे, पाऊस आल्यासारखं वाटतं त्यांना, हेही सांगितलं. पण सगळं सांगितलं नाही. मुद्दाम एक-दोन गोष्टी राखून ठेवल्या, जशी शेजारणींना लोणच्याची कृती सांगताना ती नेहमी मेथीचं विसरायची.

सूटकेस बंद करायची म्हणून तायनारा तिच्यावर बसली होती आणि जुरेमा दाराशी उभी राहून बघत होती. अशा वेळी भांडण नेहमी कुठूनतरी सुरू व्हायचं. तिने आयुष्यात कधी ठरवून सुरू केलं नव्हतं. ओस्मार, तिचा नवरा, मासे गोळा करणाऱ्या बोटीवर महिनोन्महिने नदीच्या वरच्या अंगाला जायचा. निघायच्या दिवशी सकाळी तिला त्याच्या सदऱ्याची बटणं दिसायची, कंदिलाची वात दिसायची, त्याच्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी काढलेले उद्गार आठवायचे. उतारावरून तो पाय आपटत जायचा, आणि परत यायचा तेव्हा केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन दारातूनच हसत यायचा, कारण जे साचलेलं होतं ते दारातच सांडून गेलेलं होतं. असा तिचा समज होता. शाळेच्या सहलीला निघालेल्या तायनाराला तिने मोज्यांवरून रडवलं होतं. लग्नाच्या दिवशी केसांच्या पिनेवरून. सगळ्या फोटोंत पोरीच्या पापण्या सुजलेल्या आहेत, आणि लोक म्हणतात, काय भावुक मुलगी. ओस्मार एका खेपेला परत आलाच नाही. नदीच्या वरच्या अंगाला, बार्सेलूस गावी, कोणा विधवेच्या घरी राहिला. ते जुरेमाने भांडणाच्या खाती मांडलं नाही. तो माणूसच तसा होता.

तिच्या खाती एकच चूक होती, जेल्सन. थोरला. साओ पावलोला जायला निघाला तेव्हा वखारीत हंगाम ऐन भरात होता. तो पिशवी खांद्याला लावून वखारीच्या फाटकाशीच आला. तिचे हात कोपरापर्यंत ओले. तिने हात एप्रनला पुसले, त्याचा चेहरा धरला, "जा, नीट जा, जेवत जा," म्हणाली, आणि परत टबाकडे वळली. एक शब्द वाकडा नाही. तो फाटकात जरा घुटमळला होता, जणू काही राहिलंय. पहिली दोन वर्षं फोन यायचा. मग नंबर बदलला. आता कोणाच्या तरी कोणाकडून कळतं की आहे, बरा आहे, ट्रक चालवतो. माणसाने निघताना आतलं आत घेऊन जाऊ नये. ते वाटेत त्याच्याच अंगात मुरतं. हे तिला वखारीने शिकवलं होतं, पुस्तकाने नव्हे.

"आई, मासे कधी भरायचे?" तायनाराने हाक मारली.

"आता भरू. काल रात्री काही घातलं नाहीये त्यांना. पोट रिकामं असलं की पिशवीत घाण करत नाहीत."

तिने मागच्या अंगणात बादली मांडली, टाकीतलं थोडंसंच पाणी त्यात घेतलं. जाळीने कोरिदोरा धरले; एकाचा काटा जाळीत अडकला, तो तिने ओढला नाही, जाळी पाण्यात धरून त्याला सुटायला वेळ दिला. अंगठ्याच्या पेरावर जुनी पांढरी टिंबं होती, सगळी ह्याच काट्यांची. तायनारा पायरीवर बसली, पोटावर हात ठेवून. इतक्या वर्षांत तिने आईचं हे काम जवळून पाहिलं नव्हतं. वखारीत पोरांना मज्जाव होता, आणि घरी आई यायची ती फक्त वास घेऊन. जुरेमाने बादलीवर फळी ठेवली आणि बोटांच्या मागच्या सांध्यांनी बादलीला टकटक करायला लागली. मग बादली दोन्ही हातांनी धरून हलवली. आत खडबड झाली. ती थांबली, पुन्हा टकटक, पुन्हा हलवलं.

"हे काय करतेस? घाबरतील ना ते."

"घाबरवायचंच आहे. ह्यांच्या कल्ल्यांमागे विष असतं. घाबरले की सोडतात. मोठ्या माशाने गिळू नये म्हणून देवाने दिलंय. पण पिशवीत गच्च बांधून नेलं आणि वाटेत घाबरले, तर ते पिशवीतच सुटतं आणि आपल्याच विषाने आपणच मरतात सगळे. म्हणून इथेच, निघायच्या आधी, काढून टाकायचं." ती सांगत गेली तसा तिचा आवाज वखारीतला झाला, थोडा चढा, पंपांच्या घरघरीवर मात करणारा. एका हंगामात घाईगर्दीत न हलवलेल्या माशांची अख्खी खोकी गेली होती. विमान, मग दुसरं विमान, आणि समुद्रापार कोणीतरी खोकी उघडली तेव्हा एकही जिवंत नव्हता. तिने ते पाहिलं नव्हतं. खोकी परत येत नाहीत, नुसती बातमी येते. पण झोपेत तिने ती खोकी पुष्कळदा उघडली होती. पाणी पांढुरकं, माशांची तोंडं उघडी, मिशा वर वळलेल्या. तिने फळी बाजूला केली. पाण्यावर बारीक फेस आला होता, लाळेसारखा. तायनाराने वाकून पाहिलं आणि नाकाला पदर लावावा तशी टीशर्टची गळपट्टी नाकावर ओढली.

आई पाणी ओतून देत होती, मासे जाळीत, पाणी पन्हाळीत. मग तायनारा म्हणाली, "आणि आता?"

"आता दुसरं पाणी. स्वच्छ. झाकून ठेवायचं, सावलीत. हात लावायचा नाही, डोकावायचंही नाही. दमलेले असतात, घाबरलेले असतात. लगेच भरले तर ते पहिल्यापेक्षा वाईट. निवांत होऊ द्यायचं, वर येऊन सावकाश हवा घ्यायला लागले की मग भरायचं. खरं काम हेच आहे, हलवणं काय, कोणीही हलवेल."

तायनारा पायरीवरून उठली. उठताना कंबरेला हात लावला. "मग आमचं हे कुठे गेलं?" ती म्हणाली.

"काय कुठे गेलं?"

"दुसरं पाणी."

आत जाऊन तिने अंघोळीचा नळ सोडला. जुरेमा बादलीपाशी उकिडवी बसून राहिली. शेजारच्या कोंबड्या पन्हाळीतलं ओतलेलं पाणी हुंगायला आल्या तेव्हा तिने त्यांना हाकललं, अगदी शिवी देऊन हाकललं, आणि शिवी दिल्यावरही हलकं वाटलं नाही. पोर काय म्हणाली ते तिला पहिल्याच क्षणी कळलं होतं. कळलं नाही असं दाखवायला समोर कोणी उरलं नव्हतं. ओस्मार पाय आपटत उतारावरून जायचा तेव्हा ती दार लावून घ्यायची आणि कामाला लागायची. तायनाराची सहलीची बस निघायची तेव्हा ती वखारीत पोचलेली असायची. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये ती तिसऱ्या रांगेत बसली होती आणि डोळे सुजलेल्या पोरीकडे बघून मनात म्हणाली होती, चला, आता जड काही उरलं नाही. माणसं हलवून, फेसासकट, त्याच पाण्यात तिने बांधून पाठवली होती. जेल्सन तेवढा न हलवता गेला. मग तो का गप्प झाला? ह्या प्रश्नापाशी तिचा हिशेब नेहमी जुळायचा, आज जुळेना. कानांच्या मागे काहीतरी दाटून आल्यासारखं वाटत होतं. बादलीत एकजण वर आला, हवेचा घोट घेऊन खाली गेला; झाकणाखाली तो बारीक 'टुप' आवाज आला. ती उठली. डोकावली नाही.

पिशव्या तिच्याकडे वखारीतल्याच होत्या. दुहेरी घातल्या, मध्ये वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे काट्याने आतली फुटली तरी बाहेरची शाबूत. खालचे कोपरे चिकटपट्टीने गोल केले, नाहीतर लहान जीव कोपऱ्यात चेंगरतो. पाणी कमी, हवा जास्त. रबर पिळून घातलं. हे सगळं करताना तिचे हात इतके शहाणे होते की डोक्याला दुसरं काही करायला मोकळीक मिळाली, आणि डोक्याने लगेच मार्लुसीबाईच्या बांगड्या उकरून काढल्या.

बंदरावर उतरताना ऊन होतं. तरत्या धक्क्यावर हमाल कांद्याच्या गोणी आणि बियरचे क्रेट घेऊन पळत होते. बोटीवर लिहिलेल्या वेळेला बोट सुटते असं मानणारा माणूस मनौसमध्ये जन्मलेला नाही, माल भरला की सुटते. तरी सगळे लवकर येतात, झोपायची झोळी चांगल्या जागी बांधायला. वरच्या मजल्यावर रंगीबेरंगी झोळ्या एकीला एक खेटून लागल्या होत्या. पोचवायला आलेली माणसं झोळ्यांखाली बसून खात होती, पोरांना दटावत होती, भोंगा होईपर्यंत उतरायचं नाव कोणी घेत नाही. तायनाराने एक जागा पाहिली.

"इथे नको," जुरेमा म्हणाली. "खाली यंत्र आहे, रात्रभर हादरे बसतील."

"तिकडे संडास आहे आई."

"मग मध्ये बांध. मध्ये हवा लागते. आणि एवढी उंच काय बांधतेस, पोट घेऊन चढणार कशी? गाठ ही अशी मारतात? कोणी शिकवली ही गाठ?"

"एदिवालच्या आईने."

तेवढं पुरलं. पुढचं जुरेमाने स्वतःच ऐकलं, एखाद्या शेजारच्या घरातून ऐकू यावं तसं. गाठीवरून ती मार्लुसीबाईच्या गाठीवर गेली, तिथून बांगड्यांवर, लग्नात वाढलेल्या अळणी भातावर, ज्या घरात गाठ मारता येत नाही त्या घरात नाळ कोण बांधणार यावर. आवाज फार चढला नव्हता, पण बाजूच्या झोळीतल्या म्हातारीने पाय खाली सोडून नीट ऐकता येईल असं बसून घेतलं. तायनारा दोर हातात धरून उभी होती. तिचा चेहरा गोळा झाला. "सकाळीच विचारलं होतं ना," ती म्हणाली, "भांडण कधी आहे म्हणून." आणि मग, हलक्या आवाजात, "म्हणून तर बाळंतपणाला त्यांना म्हटलंय थांबा म्हणून. त्या गाठ चुकीची मारतील, पण मला रडवून दाराबाहेर नाही काढणार."

तर हे होतं. महिनाभर जे यायचं राहिलं होतं ते आलं, उलट्या बाजूने आलं. जुरेमाने माशांची पिशवी लोखंडी खांबाला टांगली, हातरुमालाने मान पुसली आणि म्हणाली, "जाते मी." जिन्याने खाली आली, फळीवरून धक्क्यावर आली. सवयीने पाय चढाकडे वळले होते. नेहमी असंच व्हायचं, बोलून झालं की ती निघायची, तिचं काम झालेलं असायचं, आणि चढ चढताना छाती मोकळी वाटायची. आज गोणींच्या ढिगाशी ती थांबली. कांद्यांचा वास, डिझेलचा वास, काळ्या पाण्यावर तेलाचे रंगीत डाग. वर, झोळ्यांच्या रांगेत, निळी झोळी नुसती लोंबत होती आणि तिच्याशेजारी पोर उभीच होती, बांधतही नव्हती, बसतही नव्हती. हमालाने "मावशी, बाजूला," म्हणून तिला ढकललं. ती बाजूला झाली, आणि बाजूला होता होता पुन्हा फळीवरच आली. वर चढताना जिन्यात तिला कळत नव्हतं की वर जाऊन काय करायचं असतं. हे तिने कधी केलंच नव्हतं. घराकडचा चढ चढणं तेवढं तिला येत होतं.

तायनाराने तिला पाहिलं. "आता काय राहिलं?"

"काही नाही. बसते."

"बस."

बाजूची म्हातारी म्हणाली, "झालं का तुमचं? मला वाटलं संपलं म्हणून मी आडवी पडले."

"आडव्या पडा आजी," तायनारा म्हणाली. "संपलंय."

जुरेमाने झोळी सोडून खाली उतरवली आणि स्वतःची गाठ मारली, न बोलता. तायनारा आत बसली, मग पडली. जुरेमा खाली कोणाच्या तरी खोक्यावर बसली. गप्प बसणं किती अवघड असतं याचा तिला अंदाज नव्हता. हात कुठे ठेवावेत कळेना. तोंडात एकेक वाक्य येत होतं, ते चांगलं असलं तरी त्याला धार आहे असं वाटायचं, मग ती ते गिळायची. पोरीच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं. ते पुसावं की बघू नये? डोकावायचं नाही, असं आपणच म्हणालो सकाळी. ती नदीकडे बघत राहिली. एक छोटी होडी भोपळे घेऊन गेली. खाली हमाल कोणाला तरी शिव्या घालत होते, माल अजून भरत होता. कोणीतरी पावात तुकुमां आणि चीज घालून विकत फिरत होतं. तिने दोन घेतले, एक वर दिला. झोळीतून हात आला आणि तो घेऊन गेला. जुरेमा खाता खाता ऐकत होती. आधी नाक ओढल्याचा आवाज, मग चघळण्याचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग एक लांब उसासा, ज्यात काही अर्थ नव्हता, फक्त हवा होती.

ऊन खांबावरून सरकून डेकच्या फळ्यांवर आलं. टांगलेल्या पिशवीत मासे तळाशी एकमेकांना चिकटून बसले होते. मध्येच एक उठून वर जाऊन यायचा, घाई न करता.

"हे वर कशाला जातात सारखे?" तायनाराने विचारलं. आवाज बसलेला होता.

"हवा गिळतात. असं अधूनमधून गेले तर ठीक. पण एकामागून एक, सगळे, धावत वर जायला लागले तर समज पाणी बिघडलंय. तेव्हा सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, घाबरून जातात लोक आणि तेच करतात. थोडं काढायचं, थोडं घालायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी."

"हे तू घरी नाही सांगितलंस."

"नाही सांगितलं."

"विसरलीस?"

जुरेमाने पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि पूर्ण चावून गिळला. "विसरेन कशी. राखून ठेवलं होतं. तू घाबरून फोन केला असतास."

झोळी हलायला लागली. जुरेमाला वाटलं रडतेय, म्हणून तिने वर पाहिलं नाही. मग कळलं की हसतेय. पोटावर दोन्ही हात धरून, आवाज न करता, झोळीच्या दोरांना गचके देत हसतेय. म्हातारीने विचारलं, "काय झालं, मलाही सांगा," तर तायनारा म्हणाली, "आई मेथी विसरते आजी, सगळ्यांना लोणचं शिकवते आणि मेथी विसरते." म्हातारीला काही कळलं नाही, पण तिने मान डोलावली, असल्या बाया तिने पाहिल्या होत्या.

मग पुन्हा गप्प. पण हे गप्प बसणं जुरेमाला आधीच्याएवढं टोचलं नाही. तिने पाय पुढे करून झोळीला हलकेच ढोसलं, पुन्हा ढोसलं, आणि ढोसत राहिली, लय सापडली तशी. वर पोरीचा श्वास सावकाश झाला. झोपली असेल असं वाटलं. आत आणखी एक जीव असेल, तोही झोपला असेल, काय माहीत. किती वेळ गेला ते तिने मोजलं नाही. मोजायचं सुचलं नाही हे तिच्या उशिराने लक्षात आलं.

भोंगा झाला तेव्हा सगळ्या डेकवर एकदम पाय वाजायला लागले. पोचवायला आलेले उठले, पोरांचे गालगुच्चे घेतले गेले, कोणीतरी डबा विसरला. जुरेमाही उठली. गुडघे धरले होते. तायनाराने डोळे उघडले, तिच्याकडे आडवं पडूनच पाहिलं, आणि झोपेतल्या जड आवाजात म्हणाली, "मार्लुसीबाईंना जागरण झेपत नाही. दिवसा त्या असतील. रात्री कोणीतरी लागेल."

जुरेमाने रुमालाची घडी केली. "कधीपासून?"

"आठवा लागला की ये. पण एक सांगते. परत निघशील तेव्हा भांडायचं असेल तर निघायच्या आधी दोन दिवस भांडून घ्यायचं. शेवटच्या दिवशी नाही."

"दोन दिवस कशाला, एक पुरतो."

"तुला पुरतो. मला दोन लागतात."

जुरेमाने विचार केला. एका दिवसावर तुटेल का ते पाहावं असं तिला वाटलं होतं, पण भोंगा पुन्हा झाला. "बरं, दोन," ती म्हणाली. तिने पोरीच्या कपाळावरचे घामाने चिकटलेले केस मागे सारले आणि झोळ्यांखालून वाकत वाकत जिन्याकडे निघाली. खाली खलाशी फळी ओढायला उभा होता, एक पाय बोटीवर, एक धक्क्यावर.

"मावशी, उतरताय की येताय?" तो खेकसला.

"उतरतेय," जुरेमा म्हणाली. "या खेपेला उतरतेय."